वांग्याचं बी.पी. ११८ बाय ७६

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची वावरातली पूजा, आटोपून पहिल्या वेचणीचा कापूस घरोघरी आला होता. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी एक मावशी आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या मनगटावर काळं, चौकोनी, नवंकोरं स्मार्ट घड्याळ.

"भाऊ, पोरानं पुण्याहून आणलं हे घड्याय. यात माहं बी.पी. रोज बरोबर दाखवते. मंग आता गोई बंद करू काय?"

समजावत बसलो असतो तर पाच मिनिटं गेली असती आणि तिला पटलंही नसतं. म्हणून तिच्या पिशवीतलं एक भरताचं वांगं मागितलं, घड्याळ त्याच्यावर आवळून बांधलं आणि बी.पी.चं बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात आकडा आला : ११८ बाय ७६, नाडी ७२.

मावशीनं चष्मा सारखा करून पाहिलं. "वांग्याचं तं माह्यापेक्षा चांगलं हाये!"

गोळी सुरू राहिली. पण त्या दिवसापासून काउंटरवर मी एक वांगं ठेवायला लागलो. घड्याळ घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "यात काय काय आहे?" खोक्यावर यादी असतेच : बी.पी., ऑक्सिजन, झोप, ताण, शंभर खेळांची मोजणी. त्या यादीवरून तुलना करायला गेलं तर पंधराशेचं घड्याळ पंचवीस हजारांच्या घड्याळाला हरवतं, कारण यादी छापायला पैसे लागत नाहीत. विचारायचं ते हे की पडद्यावरचा आकडा येतो कुठून. काही आकडे मोजलेले असतात, काही अंदाजाचे असतात, आणि काही निव्वळ थाप असतात.

हिरवा दिवा काय पाहतो

घड्याळ हातातून काढून उलटं धरा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेवढा क्षण हिरवा प्रकाश कमी परत येतो. लाट ओसरली की जास्त येतो. दिव्याशेजारी प्रकाश टिपणारा एक बारका डोळा असतो, तो हा चढउतार सेकंदाला कितीतरी वेळा नोंदवतो. लाटा मोजल्या की नाडी मिळाली. हे झालं मोजमाप. शांत बसलेल्या माणसाची नाडी मोजण्यात बरी घड्याळं फारशी चुकत नाहीत.

हात हलला की गोंधळ सुरू होतो. पट्टा ढिला असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो, घाम मध्ये येतो, घड्याळ घसरतं. आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत ज्या खोक्यावर कुणी लिहीत नाही. एक म्हणजे बांगड्या. हातभर बांगड्या घालणाऱ्या बाईच्या मनगटावर घड्याळ कधीच जागेवर राहत नाही, सारखं वर-खाली होतं. दुसरं गोंदण. जुन्या बायांच्या मनगटावर हिरवं-निळं दाट गोंदलेलं असतं, आणि ती शाईही प्रकाश शोषून घेते. मावशीच्या हातावर तुळस गोंदलेली आहे आणि घड्याळ बरोबर तिच्यावर बसत होतं. तिथे चांगल्यातलं चांगलं घड्याळही चाचपडतं. त्यावर उपाय साधा : दुसऱ्या हातात घाला, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, आणि मोजताना हात टेबलावर टेकवा.

मग वांग्याला नाडी कुठून आली? प्रकाश वांग्यावरूनही परत येतो. माझा हात थोडा हलला, खोलीतला दिवा मिणमिणला, त्यातून काहीतरी चढउतार तयार झाला. आतल्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलेलं असतं की लाट शोध. तो शोधतोच. चांगल्या कंपनीचं घड्याळ आधी पडताळतं की समोर कातडी आहे का, आणि ही लाट खरंच ठोक्यासारखी आहे का. नसेल तर दोन आडव्या रेघा दाखवून गप्प बसतं. ही गप्प बसण्याची अक्कल म्हणजेच महाग आणि स्वस्त यांतला मोठा फरक. जे घड्याळ कधीच "मोजता आलं नाही" म्हणत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतात. ऑक्सिजन वाहणारं रक्त आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्या प्रमाणावरून टक्के काढले जातात. दवाखान्यात बोटाला लावतात ते यंत्रही याच तत्त्वावर चालतं, पण तिथे प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटात आरपार जायला जागा नाही, तो परत फिरून यावा लागतो, म्हणून काम अवघड. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच आहेत, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर फारच. सिकलसेल असलेल्या माणसात बोटाचं यंत्रसुद्धा कधी कधी चुकीचा आकडा देतं, मग मनगटाचं काय घेऊन बसलात. अशा घरात घड्याळावरचे ९६ टक्के पाहून "दम लागतो पण ऑक्सिजन तर चांगला आहे" असं म्हणून थांबू नका.

आता बी.पी. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून हवा भरतात, रक्तवाहिनी दाबली जाते, मग हवा सोडताना रक्त कोणत्या दाबाला पुन्हा वाहायला लागतं ते पाहतात. म्हणजे दाब मोजायचा तर दाबावं लागतं. साधं घड्याळ दाबत नाही. ते नाडीच्या लाटेचा आकार पाहतं, तुम्ही सुरुवातीला भरलेलं वय, उंची, वजन घेतं आणि अंदाज बांधतं. सॅमसंगच्या घड्याळांत ही सोय जिथे आहे तिथेसुद्धा आधी दंडाच्या यंत्रावर मोजून तो आकडा घड्याळाला शिकवावा लागतो, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. स्वस्त घड्याळ असं काहीच मागत नाही, तेव्हाच ओळखायचं. हुआवेनं पट्ट्यातच हवा भरणारं घड्याळ काढलं आहे, पण ते माझ्या दुकानात कधी आलं नाही.

सुई न टोचता साखर दाखवणारी घड्याळं तर सरळ थाप. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की कातडीला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. इन्सुलिन घेणाऱ्यानं असा आकडा पाहून डोस कमी-जास्त केला तर जिवावर बेतू शकतं. मी असं घड्याळ विकत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानातून घेतं, तो भाग वेगळा.

ई.सी.जी. मात्र थाप नाही. अ‍ॅपलनं २०१८ च्या घड्याळात तो आणला, आता इतर काही महागड्या घड्याळांतही आहे. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कडेला टेकवायचं, ३० सेकंद स्थिर बसायचं. दोन हातांमधून हृदयाची वीज मोजली जाते. ठोके अनियमित पडतात का, एवढं यातून कळू शकतं. अ‍ॅपलच्या मदतीनं अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ४ लाख १९ हजार माणसं होती. तिथे ई.सी.जी. नव्हे, हिरव्या दिव्याची नाडीच पाहिली जात होती. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना घड्याळानं अनियमित ठोक्यांचा इशारा दिला, आणि इशारा मिळाल्यावर ज्यांनी छातीला पट्टी लावून पुढची तपासणी केली त्यांच्यापैकी साधारण तिसऱ्या हिश्श्यात तो दोष त्या दिवसांत सापडला. यातला काही दोष येतो-जातो असाही असतो, म्हणून बाकीच्यांचं घड्याळ खोटं ठरलं असं नाही. पण हार्ट अटॅक ई.सी.जी.च्या घड्याळातूनही कळत नाही. हे कंपनी स्वतःच पडद्यावर लिहिते. दवाखान्यात बारा बाजूंनी काढतात तो ई.सी.जी., इथे एकच बाजू. छातीत कळ आली तर घड्याळाशी खेळत बसू नका, गाडी काढा.

मावशीला मी काय सांगितलं? दंडाला बांधायचं बॅटरीवरचं बी.पी. यंत्र दीड-दोन हजारांत मिळतं, म्हणजे त्याच घड्याळाच्या भावात. आणि तेही नको असेल तर उपकेंद्रात, ज्याला आता आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे फुकट मोजून देतात.

फोन कुठे असतो?

घड्याळ घ्यायला आलेल्या कास्तकाराला मी पहिला प्रश्न हा विचारतो. लोक गोंधळतात. घड्याळाबद्दल विचारतोय का फोनबद्दल?

बाजारातली बहुतेक घड्याळं, म्हणजे हजार-दीड हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंतची, स्वतः फार काही करत नाहीत. मेंदू फोनमध्ये असतो, घड्याळ म्हणजे त्या फोनचा मनगटावरचा आरसा. मेसेज फोनवर आला की त्याचं प्रतिबिंब हातावर. 'ब्लूटूथ कॉलिंग' लिहिलेलं असतं ते म्हणजे घड्याळात माइक आणि स्पीकर आहे, बोलणं फोनमधूनच जातं. या दोघांना जोडणारं ब्लूटूथ साधारण १० मीटर पोचतं, मध्ये भिंत असली तर त्याहून कमी.

आता वावरात काय होतं बघा. फोन पिशवीत, पिशवी धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेली. तुम्ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात, शंभर पावलांवर. घड्याळ केव्हाच तुटलेलं असतं. घरून दहा फोन येतील, मनगटाला खबर नाही. मग संध्याकाळी दुकानात तक्रार : "घड्याय बेकार निंगालं." ते बेकार नसतं, फोन झाडाला असतो.

उलट ज्याचा फोन खिशातच असतो त्याला हेच दोन हजारांचं घड्याळ भारी कामाचं. फवारणीचे हात, शेणाचे हात, ग्रीसचे हात. फोनला हात लावायचा नाही पण कुणाचा फोन आहे एवढं कळलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, मनगटावरचा थरथराट कळतो. रात्रपाळीची लाईन येते तेव्हा ओलीत करायला जाणाऱ्याला तीन वाजता बायको न उठता फक्त आपण उठावं असा गजर लागतो. माझ्या मते या घड्याळांचा खरा उपयोग हाच : थरथराट. बाकी सगळं वरचं.

ज्याला फोन झाडालाच ठेवायचा आहे आणि तरी कॉल हवा आहे, त्याला ई-सिम असलेलं घड्याळ लागतं. ते स्वतः टॉवरला जोडलं जातं. पण ते महाग, त्याला ठरावीक सिम कंपनीचा ठरावीक प्लॅन लागतो, बॅटरी भराभर उतरते, आणि मुळात वावरात नेटवर्क हवं. फोनला एक काडी येते तिथे मनगटावरच्या इवल्या अँटेनाकडून काय अपेक्षा करणार.

ब्लूटूथ कॉलिंगची एक गंमत सांगून पुढे जातो, कारण आठवड्यातून दोघं तरी याच्यासाठी येतात. "भाऊ, फोनमधून आवाजच येत नाही, स्पीकर गेला." स्पीकर गेलेला नसतो. घरी खाटेवर काढून ठेवलेलं घड्याळ फोनला जोडलेलं असतं, आणि समोरचा माणूस खाटेवर बोलत असतो. कॉल चालू असताना पडद्यावर आवाज कुठे न्यायचा ते निवडता येतं. मी याचे पैसे घेत नाही.

भरतीवाल्या पोरांसाठी

पहाटे पाचला आमच्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा धावणारी पोरं-पोरी जास्त. पोलीस भरतीत शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण, त्यात मुलांना १६०० मीटरचे २० गुण, मुलींना ८०० मीटर. सेकंदावर गुण ठरतात. म्हणून ही पोरं घड्याळ अगदी मनापासून मागतात, आणि त्यांची फसवणूकही जास्त होते.

माझा भाचा त्यातलाच. अठराशेचं घड्याळ, रोज १६०० मीटर, वेळ मस्त. मला वेळ जरा जास्तच मस्त वाटली. एका रविवारी दोघं मिळून तालुक्याच्या मैदानावर गेलो, ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक, चार फेऱ्या. त्याच्या घड्याळानं साडेतीन फेऱ्यांतच १६०० दाखवून टाकले. दोन महिने तो दोनशे मीटर कमी धावत होता आणि खुशीत होता.

कारण असं की त्या घड्याळात जी.पी.एस. नव्हतं. खोक्यावर होतं, पण ते 'कनेक्टेड जी.पी.एस.', म्हणजे जागा फोन सांगणार. फोन घरी ठेवून धावलं की घड्याळ पावलं मोजतं आणि तुमच्या उंचीवरून एक पाऊल किती लांब असेल याचा अंदाज लावून गुणाकार करतं. चालताना माणसाचं पाऊल वेगळं, जीव तोडून पळताना वेगळं. मग गणित चुकणारच.

स्वतःचं जी.पी.एस. असलेलं घड्याळ उपग्रहांकडून आलेल्या इशाऱ्यांवरून जागा काढतं. मोकळ्या आभाळाखाली तीन-पाच मीटरचा फरक राहतो, जो लांब पल्ल्याच्या सरळ रस्त्यावर फार जाणवत नाही, पण गोल ट्रॅकच्या वळणांवर थोडा साचतो. अ‍ॅमेझफिटच्या बिप मालिकेतल्या काही घड्याळांत ते कमी पैशांत मिळतं, बिप ५ मध्ये आहे. गार्मिनचं फोररनर ५५ खास धावणाऱ्यांसाठीच, पण महाग. दोन फ्रिक्वेन्सीचं जी.पी.एस. म्हणून जास्त पैसे मागतात ते मेळघाटच्या दरीत किंवा दाट सागाच्या जंगलात कामाचं. आमच्या सपाट वावरांत साधं पुरतं. धावायला सुरुवात करण्याआधी मिनिटभर मोकळ्यात उभं राहून घड्याळाला उपग्रह सापडू द्यायचे, ही एक सवय लावली तरी सुरुवातीचा फरक कमी होतो.

पण खरं सांगू? भाच्यासाठी मी घड्याळ बदललंच नाही. मोजमापाची लांब फीत घेतली, कालव्याच्या रस्त्यावर चुन्यानं ० आणि ४०० च्या खुणा केल्या. वेळ लावायला त्याचं अठराशेचं घड्याळ उत्तम आहे. स्टॉपवॉच कुणाचंच खोटं नसतं, आतलं स्फटिक स्वस्त-महाग दोन्हींत सारखंच. नाडीचा आकडा मात्र जोरात पळताना तो पाहत नाही. हाताच्या झोक्याची लय आणि ठोक्याची लय यांत घड्याळाची गफलत होते आणि ते पावलांचा वेग नाडी म्हणून दाखवतं. ज्याला पळतानाची नाडी नेमकी हवी त्यानं छातीचा पट्टा घ्यावा.

पावलांचा विषय निघालाच तर, आपल्या कामांपुढे ही घड्याळं हतबल आहेत. आत एक हालचाल टिपणारी चिप असते आणि ती हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखते. डवऱ्याची मूठ धरून दिवसभर तासामागून तास चाललं की हात स्थिर, पावलं निम्मीही येत नाहीत. डोक्यावर भारा घेऊन हात वर धरलेल्या बाईचंही तेच. उलट बसून शेंगा फोडल्या किंवा खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटारसायकलवर बाजारात गेलं की हजार पावलं फुकट. दिवसाला दहा हजार पावलांचं ध्येय गाठायला वेचणीवाल्या बाईला कुणी सांगू नये, एवढंच माझं म्हणणं. झोपेचा आकडाही असाच, हात किती हलला आणि नाडी कशी होती यावरून काढलेला. किती वाजता झोपलात ते बऱ्यापैकी बरोबर, पण 'गाढ झोप १ तास ४२ मिनिटं' हा अंदाज. झोपेचे टप्पे नीट पाहायचे तर डोक्याला तारा लावाव्या लागतात. शंभर खेळांबद्दल बोलत नाही. एकाच चिपची शंभर नावं आहेत.

ऊन, लाईन, पाणी

मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ अंश म्हणजे बातमी नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरनं ४७.९ पाहिलेत. अ‍ॅपल आपल्या साध्या घड्याळांसाठी ३५ अंशांपर्यंतची हवा सांगतं. म्हणजे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे आपला उन्हाळा बसतच नाही. घड्याळ लगेच बंद पडतं असं नाही, पण लिथियमची बॅटरी उष्णतेत म्हातारी होते. टिनाच्या शेडमध्ये, मोटारसायकलच्या टाकीवर, गाडीच्या काचेमागे ठेवू नका, आणि भर दुपारी चार्जिंगला लावू नका.

त्याच उन्हात पडदा दिसतो का, हे दुकानाच्या आत कळत नाही. गिऱ्हाईक आत सावलीत झगमगता पडदा पाहून भुलतं. मी सांगतो, दारात ये, ऊन पडलंय तिथे धर. स्वस्त एल.सी.डी. तिथे काळा आरसा होतो. अमोलेड बरा, त्यात उजेड मोजायच्या 'निट्स'चा आकडा हजाराच्या आसपास असला की दुपारीही वेळ वाचता येते. गार्मिनच्या काही घड्याळांचा पडदा वेगळ्या जातीचा, तो सूर्याचाच उजेड परत फेकतो. ऊन जितकं कडक तितका स्पष्ट. दिसायला फिका, घरात मरगळलेला, आणि दिव्याला वीज लागत नसल्यामुळे बॅटरी आठवडाआठवडा टिकते. वावरात दिवस काढणाऱ्यासाठी याच्याइतका चांगला पडदा नाही, पण लग्नात मिरवायला कुणी घेत नाही.

बॅटरीचं म्हणाल तर आपल्याकडे हा फीचरचा नाही, लाईनचा प्रश्न. अ‍ॅपलच्या साध्या मॉडेलांना कंपनी कित्येक वर्षं १८ तासच सांगत आली. रोज रात्री चार्ज करायचं, आणि वादळात खांब पडून दोन दिवस लाईन नसली की मनगटावर काळी काच. सॅमसंग किंवा गुगलच्या 'वेअर ओ.एस.'वर चालणारी इतर बहुतेक घड्याळंही दिवस-दोन दिवसांचीच. त्यांत स्वतःची अ‍ॅप चालतात, नकाशा चालतो, मेंदू मोठा म्हणून भूकही मोठी. साधी घड्याळं खोक्यावर ७ दिवस म्हणतात. ब्लूटूथ कॉलिंग चालू ठेवलं की दोन-तीन दिवस धरा. माझ्या वडिलांकडे एच.एम.टी. जनता होतं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगलोरला सुरू झालेल्या कारखान्याचं नाव त्या तबकडीवर. सकाळी चहाच्या वेळी चावी द्यायचे, झाला चार्ज. त्यांना मी हे चार्जिंगचं प्रकरण समजावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे घड्याळाला आता चारा टाकावा लागते."

पाण्याबद्दल दोन खुणा असतात. आय.पी. ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. ५ ए.टी.एम. लिहिलं असेल तर ५० मीटर पाण्याच्या स्थिर दाबाइतकं सहन करतं. स्थिर, हे महत्त्वाचं. विहिरीत काठावरून उडी मारली की पाण्याचा फटका त्याहून वेगळा बसतो. पोहायला ५ ए.टी.एम. पाहा, पावसाला ६७-६८ चालतं. गरम पाणी आणि साबण कुणालाच मानवत नाही, रबरी सील त्यानं सैल होतं.

फवारणीला जाताना घड्याळ काढून ठेवा, मग ते कितीही वॉटरप्रूफ असो. प्रश्न घड्याळाचा नाही. पट्ट्याखाली औषध शिरलं की ते तासन्तास कातडीला चिकटून राहतं. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते इथं कुणाला वेगळं सांगायला नको. आणि विषबाधा झाली हे कोणतंच घड्याळ ओळखत नाही. गरगरलं, मळमळलं, अंधारी आली की मनगट पाहू नका.

शेवटी कोणतं घ्यायचं

आधी फोन पाहा. अ‍ॅपलचं घड्याळ फक्त आयफोनला जोडलं जातं. म्हणूनच बाजारात आठशे रुपयांना मिळणारं नारिंगी पट्ट्याचं ४९ मिलिमीटरवालं 'अल्ट्रा' तुमच्या अँड्रॉइडला जोडलं गेलं, तर ते अ‍ॅपलचं नाही हे तिथंच सिद्ध झालं. सॅमसंगची २०२१ नंतरची गॅलेक्सी वॉच उलट, ती आयफोनला चालत नाहीत. गार्मिन, अ‍ॅमेझफिट आणि स्वस्तातली बहुतेक दोन्हींकडे चालतात.

मग फोनवरून घड्याळाला मराठी मेसेज पाठवून पाहा. याची तुलना कुणीच करत नाही आणि आपल्याला रोज लागते ती हीच. काही घड्याळांत देवनागरीऐवजी नुसते चौकोन येतात. काहींत अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, मात्रा दुसऱ्या अक्षरावर जाऊन बसते. माझी परीक्षा ठरलेली आहे. मी गिऱ्हाइकाला सांगतो, बायकोला फोन कर आणि "पऱ्हाटी वर्ध्याला नेली" एवढं टाकायला सांग. 'ऱ्हा' आणि 'र्ध्या' दोन्ही नीट उमटले तर घड्याळ पास. बऱ्याच वेळा 'ऱ्हा'वरच पडतं.

जोडणी सारखी तुटत असेल तर दोष बहुधा फोनचा असतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी अ‍ॅप मारून टाकतो, त्यात घड्याळाचंही अ‍ॅप मरतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या एका अ‍ॅपवरची बॅटरीची बंधनं काढून टाका.

आणि चार्जर. बहुतेक घड्याळांचा चुंबकी चार्जर वेगळा, एका कंपनीचा दुसरीला सहसा लागत नाही, तालुक्याला सुटा मिळत नाही. माझ्याकडे ड्रॉवरभर चांगली घड्याळं पडली आहेत, लोकांनी नुसतीच सोडून दिलेली. त्यांतल्या निम्म्यांना काहीही झालेलं नाही, फक्त चार्जर उंदरानं कुरतडला किंवा पोरानं हरवला. पक्कं बिल घ्या, आणि दुरुस्तीचं केंद्र वर्ध्याला आहे का नागपूरला ते आधी विचारा. दोन हजारांच्या घड्याळासाठी दोन खेपा नागपूरच्या झाल्या तर नवं घेतलेलं परवडतं.

मावशी परवा पुन्हा आली होती, पट्ट्याचं बक्कल तुटलं म्हणून. बी.पी.चं पान तिच्या घड्याळातून मी त्याच दिवशी काढून टाकलं होतं. आता त्यात वेळ, पोराचा फोन आला की थरथराट आणि सकाळी पाचचा गजर एवढंच आहे. बक्कल बसवून दिलं, सहज विचारलं, "चार्जर आहे ना जागेवर?"

"देव्हाऱ्यात ठेवला," ती म्हणाली. "तेथं कोणी हात लावत नाही."